टेलफोर्ड टेलर: वर्दी उतरवून मास्तर झालेल्या माणसाने आपल्याच लष्कराला मोजावं का?

काळा_कोट
नमस्कार मंडळी. परीक्षा संपली म्हणून न्यूरेंबर्ग खटल्यांवरचं (दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी जर्मनांवर चाललेले) राहिलेलं वाचन काढलं आणि एका माणसापाशी अडकले ती अडकलेच. टेलफोर्ड टेलर. आपल्याकडे न्यूरेंबर्ग म्हटलं की आरोपी नाझी नेता गोअरिंग आठवतो, फार तर तिथला मुख्य अमेरिकन अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन, टेलरचं नाव कोणी काढत नाही. जन्म १९०८, हार्वर्डची वकिली, मग सरकारी वकिली, युद्धात लष्करी गुप्तवार्ता विभाग, तिथून जॅक्सनच्या हाताखाली न्यूरेंबर्ग. ऑक्टोबर १९४६ मध्ये जॅक्सनने राजीनामा दिला आणि पुढच्या १२ खटल्यांचा मुख्य अभियोक्ता म्हणून याला नेमलं, तेव्हा हा ३८ वर्षांचा ब्रिगेडियर जनरल. नंतर १९६० च्या दशकापासून कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा प्राध्यापक.

इथवर कोणाचंही चरित्र असावं तसं आहे. पण १९७० मध्ये या गृहस्थाने 'न्यूरेंबर्ग अँड व्हिएतनाम' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं आणि न्यूरेंबर्गला अमेरिकेने जर्मनांना जी फूटपट्टी लावली तीच व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्याला लावून बघितली. माय लाय हत्याकांडाबद्दल (अमेरिकन सैनिकांनी व्हिएतनामी गावकऱ्यांना मारलं ते) खालच्या लेफ्टनंटवर खटला भरून काम भागत नाही, वरच्यांचं काय, हा प्रश्न त्याने उघड विचारला. १९७१ च्या जानेवारीत तर टीव्हीवर जाऊन म्हणाला की जपानी जनरल यामाशिताला जो निकष लावून आपण फासावर दिलं तो निकष लावला तर व्हिएतनाममधला अमेरिकन सेनापती जनरल वेस्टमोरलंडही दोषी ठरू शकतो. लोक खवळलेच.

माझा प्रश्न असा की, ज्या सैन्याने याला जनरल केलं त्याच सैन्याकडे बोट दाखवणं हे धैर्य की कृतघ्नपणा? आणि दुसरा, म्हणजे मला खरा पडलेला: हा नुसता प्राध्यापक असता, जनरल नसता, तर कोणी ऐकलं असतं का?

टवाळ
पहिला नंबर माझा. बाकी चालू द्या, मी कोर्टात मागच्या बाकावर बसलोय.

जुनंखोड
चांगला विषय. एक भर घालतो. युद्धात हा नेमकं काय करत होता ते तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि तिथेच खरी गंमत आहे. टेलर इंग्लंडात ब्लेचली पार्कला होता, जर्मनांचे गुप्त संदेश फोडून वाचायचे तिथे, अमेरिकन गटाचा प्रमुख म्हणून. हे गुपित १९७४ पर्यंत जाहीर झालं नव्हतं. म्हणजे विचार करा, हा माणूस न्यूरेंबर्गला जर्मन सेनापतींच्या विरोधात उभा राहिला आणि युद्धात आपण त्यांचे संदेश वाचत होतो हे कोर्टात सोडाच, घरीसुद्धा बोलायची सोय नाही.

निवृत्त_फौजी
लेख आवडला पण मत पटलं नाही. २४ वर्षं वर्दीत काढली आहेत म्हणून बोलतो. वर्दी उतरवली तरी काही गोष्टी घरातल्या घरात बोलायच्या असतात. युद्ध चालू असताना, पोरं तिकडे चिखलात मरत असताना, इकडे टीव्हीवर बसून आपल्या कमांडरची तुलना फाशी गेलेल्या शत्रूशी करणं मला तरी झेपत नाही. आणि माफ करा, पण ब्लेचली पार्कमध्ये टेबलावर बसून संदेश वाचणारा आणि गोळी खाणारा एकाच तराजूत घालू नका.

शब्दवेडी
फौजीकाकांच्या शेवटच्या वाक्यावरून, टेलरला व्हेटरन म्हणायचं का मग? आपल्याकडे 'माजी सैनिक' म्हटलं की लगेच डोळ्यासमोर बंदूक येते. 'युद्धानुभवी' म्हणावं तर टेबलावरचा अनुभव धरायचा की नाही? मला तर 'माजी लष्करी अधिकारी' बरं वाटतं.

निवृत्त_फौजी
@शब्दवेडी, नाही हो, माजी सैनिक तो आहेच, सिग्नलवाला काय, सप्लायवाला काय, दातांचा डॉक्टर काय, वर्दी ती वर्दी. मी चिडून लिहिलं ते. माझा मुद्दा एवढाच की मेलेल्या पोरांच्या वतीने बोलायचा हक्क वेगळा असतो.

टवाळ
दातांच्या डॉक्टरसमोर तर भलेभले जनरल हात वर करतात.

सह्यकडा
मुळात न्यूरेंबर्ग हाच जेत्यांचा न्याय नव्हता का? कुसळ आणि मुसळाची गोष्ट. समोरच्याच्या डोळ्यातलं दिसलं कारण समोरचा हरला होता. कातीनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकारी मारले ते रशियनांनी, आणि न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात तो गुन्हा जर्मनांच्या नावावर टाकला तो याच रशियनांनी! निकालात मग त्यावर चकार शब्द नाही. रशियाने कबूल केलं १९९० मध्ये. आणि शहरांवरचे बॉम्बहल्ले? त्याबद्दल कोणावर खटला झाला?

आपल्या न्यायाधीश राधाबिनोद पालांनी टोकियोच्या, जपानी नेत्यांवरच्या खटल्यात हेच सांगितलं. ११ न्यायाधीशांपैकी एकट्याने सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा हजाराहून जास्त पानांचा निकाल दिला. धागा काढायचा तर पालांवर काढा. तेही कायद्याचे प्राध्यापकच होते कलकत्त्याला.

जुनंखोड
@सह्यकडा, पालांचा निकाल सगळे उचलतात पण उघडून कोणी बघत नाही. जपानी सैन्याने नानकिंगला आणि इतरत्र अत्याचार केले याचा पुरावा भरभक्कम आहे हे पालांनी स्वतः मान्य केलंय. त्यांचं म्हणणं होतं की या समोर बसलेल्या आरोपींवर ती जबाबदारी सिद्ध होत नाही, आणि 'आक्रमक युद्ध' हा गुन्हा मागाहून ठरवून मागच्या तारखेला लावता येत नाही. जपान निष्पाप आहे असं ते म्हणालेले नाहीत. आता जपानच्या युद्धमृतांच्या यासुकुनी देवळात त्यांचं स्मारक आहे त्याला ते काय करणार.

आणि बॉम्बहल्ल्यांचं म्हणाल तर ते टेलरनेच लिहून ठेवलंय, त्याच १९७० च्या पुस्तकात. शहरं बेचिराख करण्याचा खेळ दोन्ही बाजू खेळल्या, उलट दोस्त राष्ट्रं जास्त यशस्वीपणे खेळली, त्यामुळे त्याबद्दल आरोप ठेवायला तोंडच नव्हतं, अशा अर्थाचं. मुख्य अभियोक्त्याने स्वतः लिहिलेलं आहे हे, पालांच्या पाठीराख्याने नव्हे.

सह्यकडा
हे माहीत नव्हतं. दंडवत. पण मग मुद्दा माझाच खरा ठरला ना!

जुनंखोड
अर्धा.

स्टेथोस्कोप
मी वेगळ्या दारातून आलो या माणसाकडे. ९ डिसेंबर १९४६ ला त्या १२ खटल्यांपैकी पहिला सुरू झाला तो डॉक्टरांचा, २३ आरोपी, आणि सुरुवातीचं भाषण टेलरचं. छळछावण्यांतल्या कैद्यांना गोठवणाऱ्या पाण्यात ठेवणं, विरळ हवेच्या कोठडीत घालणं, मुद्दाम मलेरिया देणं, हे सगळं 'संशोधन' म्हणून केलेलं. निकालाबरोबर १० कलमांची जी संहिता आली तिला न्यूरेंबर्ग कोड म्हणतात आणि तिचं पहिलंच कलम माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती. आज कुठल्याही औषधाच्या चाचणीआधी जो फॉर्म भरून घेतात त्याचं मूळ तिथे आहे.

आमच्याकडे एथिक्स कमिटीच्या बैठकीत लोक तो फॉर्म म्हणजे कटकट म्हणून बघतात. ज्युनियर डॉक्टर पेशंटला म्हणतो, इथे सही करा, इथे, आणि इथे. बस. मी एकदा वैतागून विचारलं की ही सही कशासाठी घेतो आपण माहितीये का, तर उत्तर आलं 'ऑडिटसाठी सर'. त्या दिवसापासून नवीन बॅचला पहिल्या तासाला मी त्या खटल्याची गोष्ट सांगतो. झोपतात निम्मे, पण सांगतो.

गोधडीतून
डॉक्टर, तो तास आम्हालाही द्या हो. (आम्ही झोपणार नाही, नाव फक्त गोधडी आहे.)

काळा_कोट
स्टेथोस्कोप, सुंदर प्रतिसाद. आमच्या वर्गाला हलवणारा खटला म्हणजे तिसरा, न्यायाधीशांचा. १९४७. १६ आरोपी, सगळे कायद्यातले, न्यायाधीश, सरकारी वकील, मंत्रालयातले अधिकारी. यांनी कोणावर हात उचलला नव्हता, फक्त निकाल दिले होते, कागद पुढे सरकवले होते. निकालपत्रात एक वाक्य आहे की खुन्याचा खंजीर न्यायाधीशाच्या झग्याखाली लपवलेला होता. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय ते.

फौजीकाका, म्हणूनच विचारते, की झग्याला हा नियम लावला तर वर्दीला का नको?

निवृत्त_फौजी
वर्दीला आधीपासून आहे बेटा. आपल्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ वाच, १९५० चा कायदा. शिक्षा आहे ती 'लॉफुल कमांड' मोडल्याची. नुसती कमांड नाही, लॉफुल. आम्हाला ट्रेनिंगमध्ये या एका शब्दावर लेक्चर होतं, त्यातलं बाकी सगळं विसरलो पण शिकवणाऱ्या मेजरसाहेबांनी खडूने तो शब्द तीनदा अधोरेखित केला आणि तिसऱ्या वेळी खडू मोडला ते आठवतं.

तेव्हा बेकायदा हुकूम पाळू नये हे मला टेलरकडून शिकायची गरज नाही. माझं भांडण जागेशी आहे. कोर्टात बोल, समितीसमोर बोल, टीव्हीवर का?

सह्यकडा
कारण कोर्टात कोणी बोलवत नव्हतं? माय लायच्या त्या लेफ्टनंट कॅलीला १९७१ मध्ये जन्मठेप झाली, काही दिवसांत राष्ट्राध्यक्ष निक्सनने त्याला तुरुंगातून काढून त्याच्याच क्वार्टरमध्ये ठेवायला सांगितलं, आणि तीनेक वर्षांत प्रकरण मिटलं. शेकडो गावकरी मेले आणि दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट. वरचे सगळे सुटले. 'योग्य जागा' हीच होती.

जुनंखोड
यामाशिताच्या तुलनेबद्दल मात्र टेलरवर टीका करायला जागा आहे आणि ती कोणी केली नाही म्हणून मीच करतो. यामाशिताच्या खटल्यात निकष फार ढिला होता, त्याचं सैन्य फिलिपिन्समध्ये विखुरलेलं, संपर्क तुटलेला, तरी तू सेनापती होतास म्हणून तू जबाबदार. फेब्रुवारी १९४६ मध्ये फाशी. अमेरिकन सुप्रीम कोर्टातच दोन न्यायमूर्तींनी कडाडून विरोध नोंदवला होता. पुढे टेलरच्याच देखरेखीखाली चाललेला १२ वा खटला, जर्मन हायकमांडचा, त्यात न्यायाधीशांनी हा निकष घट्ट केला आणि सांगितलं की सेनापतीची स्वतःची कसूर दिसली पाहिजे. म्हणजे वेस्टमोरलंडला लावायला टेलरकडे एक जास्त न्याय्य पट्टी त्याच्याच घरात होती. टीव्हीवर मात्र त्याने ढिली काढली. त्याला अर्थात सांगायचं असणार की बघा, आपण दुसऱ्याला काय लावलं होतं. तरी फौजीबुवांचा राग मला थोडा समजतो.

निवृत्त_फौजी
@जुनंखोड, आभारी आहे. पहिल्यांदाच कोणीतरी बाजू घेतली.

टवाळ
फौजीकाका, आमची बाजू मागचा बाक आहे, पण आम्ही मनाने तुमच्याबरोबर.

रानभूल
इतकं गंभीर चाललंय म्हणून एक किस्सा. बेंजामिन फेरेंझ, टेलरच्या हाताखालचा पोरगा, नॉर्मंडीपासून युद्धात असलेला, सार्जंट म्हणून सुटलेला. बर्लिनमध्ये त्याच्या टीमला जर्मनांच्या फिरत्या हत्यापथकांचे रोजचे अहवाल सापडले, कुठल्या गावात किती मारले त्याचे आकडे. हा बेरजेच्या मशीनवर बेरीज करत बसला आणि दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबला. कागद घेऊन टेलरकडे. टेलर म्हणाला की माणसं नाहीत, पैसे नाहीत, नवा खटला जमणार नाही. फेरेंझ हटून बसला, मग टेलरने विचारलं, तुझं आहे ते काम सांभाळून हे करशील? हा म्हणाला करतो. झालं, मुख्य वकील. वय २७, आयुष्यातला पहिला खटला!! २४ आरोपी का, तर आरोपींच्या बाकावर तेवढ्याच खुर्च्या, असं तो स्वतःच सांगायचा. प्रत्यक्षात २२ जणांवर खटला पूर्ण चालला, सगळे दोषी. सरकारी बाजू मांडायला दोन दिवस लागले. साक्षीदार नाहीत, फक्त त्यांचेच कागद.

फेरेंझ २०२३ मध्ये गेला, १०३ वर्षांचा होऊन.

काळा_कोट
रानभूल, बॉस असावा तर असा. 'पैसे नाहीत' तर आमचेही सर म्हणतात, पण पुढचं वाक्य म्हणत नाहीत.

टवाळ
आमचा बॉस फक्त 'आहे ते काम सांभाळून' एवढंच म्हणतो.

गोधडीतून
मला एक कळत नाहीये, हा माणूस सरकारच्या विरोधात फक्त व्हिएतनामच्याच वेळी गेला का? म्हणजे वारा फिरल्यावर सगळेच बोलतात, १९७० पर्यंत अमेरिकेत अर्धे लोक युद्धाच्या विरोधात होतेच की.

जुनंखोड
@गोधडीतून, नेमका प्रश्न. नाही, आणि हाच माझ्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा भाग. वारा समोरून येत होता तेव्हाचं सांगतो.

१९५१ मध्ये जर्मनीतल्या अमेरिकन हाय कमिशनरने, मॅक्क्लॉयने, न्यूरेंबर्गच्या बऱ्याच शिक्षा कमी केल्या. शीतयुद्ध सुरू झालेलं, जर्मनी मित्र हवा होता. १२ वर्षांची शिक्षा झालेला जर्मन कारखानदार आल्फ्रीड क्रुप फेब्रुवारीत बाहेर आला आणि जप्त झालेली मालमत्ताही परत मिळाली. टेलरने यावर जाहीर टीका केली, तेव्हा टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं.

मग मॅकार्थी, जिकडे तिकडे कम्युनिस्ट शोधत फिरणारा सेनेटर. १९५३ च्या अखेरीस, म्हणजे भलेभले सेनेटर तोंडाला कुलूप लावून बसलेले असताना, हा वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीत, कॅडेटांसमोर उभा राहून मॅकार्थीला 'धोकादायक साहसवीर' म्हणाला. मॅकार्थी तेव्हा लष्करातच कम्युनिस्ट शोधत होता. म्हणजे फौजीबुवा, इथे हा लष्कराच्या बाजूने उभा राहिला होता, आणि तेही लष्कराच्या घरात.

आणि कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य म्हणून ज्याला शिक्षा झाली त्या ज्युनियस स्केल्सची केस सुप्रीम कोर्टात यानेच लढवली. १९६१ मध्ये हरला, ५ विरुद्ध ४. पुढे केनेडीने १९६२ च्या नाताळात त्याची उरलेली शिक्षा माफ केली.

शब्दवेडी
'साहसवीर' नको हो, मराठीत ते कौतुक होतं. 'उपद्व्यापी' म्हणा. धोकादायक उपद्व्यापी.

जुनंखोड
मान्य. उपद्व्यापी.

सह्यकडा
पण डिसेंबर १९७२? गायिका जोन बाएझबरोबर उत्तर व्हिएतनामच्या हनोईला गेला होता ना? शत्रूच्या राजधानीत?

रानभूल
गेला होता, अमेरिकन युद्धकैद्यांची पत्रं घेऊन चौघे गेले होते. आणि ते तिथे असतानाच निक्सनचे ते ११ दिवसांचे बॉम्बहल्ले झाले. १९४६ चा अमेरिकन जनरल वयाच्या ६४ व्या वर्षी हनोईच्या तळघरात, वरून अमेरिकन बी-५२ बॉम्बफेकी विमानं. बाख माय हॉस्पिटलवर बॉम्ब पडले.

जुनंखोड
आणि त्यातली कोंडी बघा. पुस्तकात त्याने लिहिलेलं होतं की न्यूरेंबर्गला बॉम्बहल्ल्यांवर आरोपच ठेवला नाही, त्यामुळे त्या कायद्याच्या जोरावर उत्तर व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांना गुन्हा म्हणता येत नाही. युद्धविरोधी लोक त्यावर नाराज होते. म्हणजे फौजीबुवा इकडून नाराज, ते तिकडून. स्वतःच्या सोयीसाठी कायदा वाकवला नाही म्हणून बॉम्ब डोक्यावर पडताना त्याच्याकडे कलम नव्हतं.

स्टेथोस्कोप
हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

गोधडीतून
+१

टवाळ
मीही. (नोंद घ्यावी.)

काळा_कोट
आणि तारखांचा एक विचित्र योग. टेलर गेला २३ मे १९९८ ला, ९० वर्षांचा होऊन. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोमचा करार मंजूर झाला १७ जुलै १९९८ ला. दोन महिनेही नाहीत मध्ये. १२० देश बाजूने, ७ विरोधात. विरोधात कोण, तर अमेरिका.

सह्यकडा
आणि आपण तटस्थ. २१ तटस्थांत भारत होता. ते सांगायचं राहिलं का मुद्दाम?

काळा_कोट
मुद्दाम नाही हो, विसरले. तो वेगळा धागा आहे, काढते.

टवाळ
काढा, मी पहिला नंबर लावतो.

निवृत्त_फौजी
दोन दिवस काही लिहिलं नाही कारण विचार करत होतो. वेस्ट पॉइंटची गोष्ट मला माहीत नव्हती. पोरांसमोर उभं राहून लष्कराच्या बाजूने बोलला हे ऐकून बरं वाटलं, खोटं का बोलू.

काळा_कोट, तुझा दुसरा प्रश्न सगळे विसरले. जनरल नसता तर ऐकलं असतं का. माझ्या मते नसतं ऐकलं. आम्ही लोक बाहेरच्याचं ऐकत नाही. मीच बघ, पहिल्या प्रतिसादात काय लिहिलं, की टेबलावर बसणाऱ्याने बोलू नये. म्हणजे जनरल असून ही गत, नुसता प्राध्यापक असता तर मी धागा उघडलाही नसता.

पण माय लायचं निघालं म्हणून एक नाव मी पण घालतो. ह्यू थॉम्सन. हेलिकॉप्टर पायलट, त्या दिवशी वरून बघितलं काय चाललंय, आणि गावकरी आणि आपलेच जवान यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवलं, आपल्या गनरला सांगितलं की आपल्या लोकांनी यांच्यावर गोळी झाडली तर तू आपल्या लोकांवर झाड. त्याला कोणी प्राध्यापकाने शिकवलं नव्हतं. परत आल्यावर लोक त्याला गद्दार म्हणाले, आणि सोल्जर्स मेडल मिळालं ते मार्च १९९८ मध्ये, ३० वर्षांनी. तुझा टेलर मेमध्ये गेला ना? म्हणजे त्याच्या हयातीतच.

टीव्हीबद्दल माझं मत अजून तेच आहे.

काळा_कोट
फौजीकाका, ते राहू दे तसंच. थॉम्सनबद्दल तुम्ही धागा काढा ना, प्लीज. लॉफुल कमांडवाल्या मेजरसाहेबांसकट.

निवृत्त_फौजी
टायपिंग हळू आहे बेटा. रविवारी बघतो.

टवाळ
काका, खडू जपून.